अख्मत डँगोर यांचा वारसा आणि आपली अर्धी आठवण

१९८३ साली जोहान्सबर्गमध्ये एक छोटा कवितासंग्रह निघाला. नाव ‘बुलडोझर’. कवी अख्मत डँगोर. हा शब्द त्यांना काही प्रतिमा म्हणून सुचलेला नव्हता. त्यांच्या देशात सरकार आधी नकाशावर रेघ ओढायचं, मग नोटीस यायची, मग पोलीस, आणि सगळ्यात शेवटी हे यंत्र.

२४ मार्च २०२५ ला हेच यंत्र नागपुरात आलं. १७ मार्चच्या रात्री महाल भागात दंगल झाली होती. तिच्यातल्या एका आरोपीच्या कुटुंबाचं घर महापालिकेने पाडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच दिवशी कारवाईला स्थगिती दिली, पण आदेश हातात येईपर्यंत ते घर जमिनीला लागलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या चार महिने आधी, १३ नोव्हेंबर २०२४ ला, स्पष्ट सांगितलं होतं की आरोपी आहे म्हणून कुणाचं घर पाडता येत नाही. बांधकाम बेकायदा असेल तरी १५ दिवसांची नोटीस द्यावी लागेल. पुढे महापालिका आयुक्तांनी न्यायालयात बिनशर्त माफी मागितली. कारण असं दिलं की या निकालाची माहिती अधिकाऱ्यांपर्यंत पोचलीच नव्हती. गरिबाला कायदा माहीत नसला तर ती सबब चालत नाही. पालिकेला चालते.

ज्याने दगड मारला, आग लावली, त्याच्यावर खटला चालवा, शिक्षा करा. त्याची वकिली मी करत नाही. पण आईच्या नावावरचं घर पाडणं ही शिक्षा कोणत्या कलमात बसते, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक नागपूरकराला आहे, मग तो मोमिनपुऱ्यात राहो की धरमपेठेत.

त्या आठवड्यात आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर एक शब्द फिरत होता : वर्णभेद. ‘हे दक्षिण आफ्रिकाच झालं’, सोबत नेल्सन मंडेलांचा फोटो. मीही तो पुढे पाठवला. मंडेलांचा फोटो लावायला आपल्याला काही पडत नाही. डँगोर वाचायला पडतं, कारण ते फक्त गोऱ्यांना प्रश्न विचारून थांबत नाहीत.

आधी माणूस सांगतो.

डँगोर यांचा जन्म २ ऑक्टोबर १९४८, जोहान्सबर्गच्या न्यूक्लेअर भागातला. तारीख गांधींची आणि वर्ष वर्णभेदाचं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात नॅशनल पार्टी निवडून आली आणि पुढच्या ४६ वर्षांचा तुरुंग बांधायला सुरुवात झाली. १९४९ मध्ये मिश्र विवाहबंदीचा कायदा आला. १९५० मध्ये लोकसंख्या नोंदणी कायदा आला, त्याने प्रत्येक माणसाच्या अंगावर वर्णाचा शिक्का मारला. आणि त्याच वर्षी आलेल्या गट-वस्ती कायद्याने त्या शिक्क्याप्रमाणे कुणी कुठे राहायचं ते ठरवलं. न्यूक्लेअरच्या शेजारचं सोफियाटाउन १९५५ पासून रिकामं करण्यात आलं आणि त्या जागी गोऱ्यांची वसाहत उभी राहिली. तिचं नाव ठेवलं ‘ट्रायोम्फ’, म्हणजे विजय. घर पाडून वर त्या जागेला विजय म्हणायचं, ही खोड फक्त तिथलीच नाही.

डँगोर मुस्लिम घरातले. रक्तात हिंदुस्थान होता आणि डचही होते. सरकारी खात्यात अशा माणसाला एकच रकाना : ‘रंगीत’. ‘अख्मत’ हे नावच बघा. मूळ अहमद. आफ्रिकान्स भाषेच्या उच्चारातून आणि लिपीतून जाता जाता ‘ह’चा ‘ख’ झाला आणि ‘द’चा ‘त’. आणि ज्या आफ्रिकान्सला आपण गोऱ्या मालकांची भाषा समजतो, तिचे सुरुवातीचे कितीतरी ग्रंथ केपच्या मुस्लिमांनी अरबी लिपीत लिहिलेले आहेत. भाषा कुणाच्या बापाची नसते, हे मराठी मुस्लिमांना वेगळं सांगायला नको. ‘तुम्ही मराठी इतकं चांगलं कसं बोलता?’ हा प्रश्न आपण सगळ्यांनीच ऐकलेला आहे. डँगोर त्याच आफ्रिकान्समध्ये आणि इंग्रजीत लिहीत राहिले.

विशीत ते ‘ब्लॅक थॉट्स’ नावाच्या लेखकांच्या गटात आले. स्टीव्ह बिको यांच्या विचाराने भारलेला तो काळ. बिको यांचं म्हणणं सरळ होतं : सरकारने आफ्रिकी, रंगीत, भारतीय असे कप्पे केलेत, ते मानू नका, ज्याला ज्याला दाबलं जातंय तो काळा. म्हणजे काळेपण हा कातडीचा रंग नाही, ती बाजू आहे. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनेही ‘दलित’ या शब्दाची व्याख्या अशीच रुंद करून घेतली होती. १९७३ मध्ये बिको यांच्यावर बंदीहुकूम आला. त्याच वर्षी डँगोर यांच्यावरही आला, आणि तो १९७८ पर्यंत चालला.

बंदीहुकूम म्हणजे तुरुंग नव्हे, आणि तो समजून घेणं त्यासाठीच गरजेचं आहे. माणूस घरीच असतो. पण त्याने लिहिलेलं छापायचं नाही, त्याचं वाक्य कुणी उद्धृत करायचं नाही, चार लोकांत त्याने बसायचं नाही. लेखकाला जिवंत ठेवून त्याचा आवाज काढून घ्यायचा. सहा वर्षं हे चाललं. डँगोर लिहीत राहिले. १९८१ मध्ये ‘वेटिंग फॉर लैला’ आलं. केपटाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्सची ती गोष्ट. ११ फेब्रुवारी १९६६ ला सरकारने ती वस्ती ‘फक्त गोऱ्यांसाठी’ म्हणून जाहीर केली आणि पुढच्या वर्षांत ६०,००० हून जास्त माणसं तिथून उचलून वाळूच्या माळावर नेऊन टाकली. घरं पाडली, मशिदी आणि चर्च तेवढे उभे ठेवले. माणसं नसलेल्या वस्तीत मशीद उभी आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडे इमारत वाचली की आपण सुटकेचा श्वास टाकतो. तिथे नमाजी लांबून बस पकडून जुन्या मशिदीत यायचे.

१९८३ हे साल ‘बुलडोझर’च्या प्रकाशनाचं आहे तसंच आणखी एका गोष्टीचं आहे. वर्णभेदी सरकारने एक नवी राज्यघटना पुढे केली. संसदेची तीन सभागृहं : एक गोऱ्यांचं, एक रंगीतांचं, एक भारतीयांचं. आफ्रिकी बहुसंख्येला काहीच नाही. थोडक्यात, मधल्यांना म्हटलं, तुम्हाला खुर्ची देतो, खालच्यांकडे बघू नका. भारतीय आणि रंगीत समाजातल्या काही प्रतिष्ठितांनी ती खुर्ची घेतली. बहुसंख्यांनी घेतली नाही. युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंट उभा राहिला आणि १९८४ च्या त्या निवडणुकीकडे लोकांनी पाठ फिरवली. आमिष मात्र नवं नव्हतं. १८९५ च्या सुमारास डर्बनच्या पोस्टात गोऱ्यांसाठी एक दार आणि बाकी सगळ्यांसाठी दुसरं दार होतं, तेव्हा भारतीय पुढाऱ्यांनी मागितलं ते तिसरं दार. त्या पुढाऱ्यांत तरुण बॅरिस्टर गांधीही होते. गांधी पुढे बदलले, ही त्यांची मोठी गोष्ट. पण तिसऱ्या दाराची मागणी आपल्या लोकांच्या अंगात खोल मुरलेली आहे.

डँगोर यांनी पोटासाठी सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीत नोकरी केली, पुढे कागिसो ट्रस्टचं काम पाहिलं, दक्षिण आफ्रिकी लेखकांची काँग्रेस उभारणाऱ्यांत ते होते. स्वातंत्र्यानंतर नेल्सन मंडेला बालनिधी आणि नेल्सन मंडेला फाउंडेशन या दोन्ही संस्थांचे ते प्रमुख झाले. ६ सप्टेंबर २०२० ला जोहान्सबर्गमध्ये त्यांचं निधन झालं.

आता घराकडे येतो, कारण वारसा हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो.

त्यांची बहीण यास्मिन डँगोर, जग तिला जेसी डुआर्टे म्हणून ओळखतं. वर्णभेदविरोधी स्त्री चळवळीत अल्बर्टिना सिसुलू यांच्यासोबत काम, १९८८ मध्ये खटल्याविना अटक, १९९० मध्ये मंडेला सुटल्यावर त्यांच्या कार्यालयात त्यांच्या सहायक, मग प्रांतिक मंत्री, मोझांबिकमध्ये राजदूत, आणि २०१२ पासून आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या उपसरचिटणीस. १७ जुलै २०२२ ला त्या गेल्या आणि इस्लामी रीतीप्रमाणे त्याच दिवशी त्यांचा दफनविधी झाला. भाऊ मोहम्मद डँगोर सीरिया, लिबिया, सौदी अरेबियात दक्षिण आफ्रिकेचे राजदूत. याच कुटुंबातले झेन डँगोर परराष्ट्र खात्याचे महासंचालक. २९ डिसेंबर २०२३ ला दक्षिण आफ्रिकेने इस्रायलविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला दाखल केला, तेव्हा ते याच पदावर होते.

इथपर्यंत वाचून आपली छाती फुगते. ‘बघा, आपल्या माणसांनी काय केलं!’ मीही फुगवली. पण पुढचं वाचा.

जेसी डुआर्टे शेवटपर्यंत पक्षाच्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. अध्यक्ष झुमांच्या काळात सरकारी तिजोरीची जी लूट झाली, तिची चौकशी करणाऱ्या झोंडो आयोगावरच २०२१ मध्ये त्यांनी जाहीर लेखातून टीका केली. ज्या पक्षासाठी तुरुंग पाहिला त्याच्यावर बोट उचललेलं त्यांना सोसलं नाही. मला हे कळतं, पटत नाही. उलट झेन डँगोर २०१७ मध्ये सामाजिक विकास खात्याचे महासंचालक होते. गरिबांच्या अनुदानाच्या वाटपाचा घोळ झाला आणि आपल्याच पक्षाच्या मंत्र्यांशी मतभेद झाले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. आणि अख्मत यांनी सत्तेत आलेल्या आपल्याच माणसांवर कादंबरी लिहिली. एका घरात तीन तऱ्हा. म्हणून डँगोर घराण्याचा वारसा नेमका कोणता, हे आडनाव वाचून सांगता येत नाही. निवडावं लागतं.

मी निवडतो ती कादंबरी ‘बिटर फ्रूट’. २००१ मध्ये प्रसिद्ध झाली, २००४ मध्ये बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत गेली. काळ १९९८ चा, मंडेलांच्या कारकिर्दीचा शेवट. सायलस अली हा जुना कार्यकर्ता, आता न्याय खात्यात अधिकारी. सत्यशोधन व समेट आयोगाशी सरकारचा समन्वय ठेवणं हे त्याचं काम. देशभराचं सत्य तो रोज फायलीत लावतो. आणि त्याच्या घरात एक सत्य वीस वर्षं कुणी उच्चारलेलं नाही. १९७८ मध्ये एका गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याने त्याची बायको लिडिया हिच्यावर बलात्कार केला. सायलस तेव्हा पोलिसांच्या गाडीत कोंडलेला होता, तिचा आवाज त्याला ऐकू येत होता. नवरा-बायको पुढे एका छपराखाली राहिले, मुलगा वाढला, आणि त्या रात्रीबद्दल दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. कादंबरी सुरू होते तेव्हा सायलसला तोच पोलीस एका दुकानात दिसतो.

इथे सोपी कादंबरी लिहिता आली असती : राक्षस पोलीस, शूर नवरा, सोसणारी बाई. डँगोर तसं करत नाहीत. लिडियाचा राग पोलिसावर आहेच, पण नवऱ्यावरही आहे. कारण सायलसला तिचं दुःख स्वतःच्या अपमानासारखं दिसतं. तिच्यावर झालं आणि जखम याने वागवली. आयोगापुढे जाऊन साक्ष द्यायला ती नकार देते. जे घरात ऐकून घेतलं गेलं नाही ते सभागृहात सांगून काय होणार? आणि मुलगा मायकी आईची वही चोरून वाचतो, स्वतःच्या जन्माचं सत्य त्याला कळतं. तो मुळं शोधत हिंदुस्थानातून आलेल्या आजोबांच्या गोष्टीकडे वळतो, धर्माकडे वळतो आणि हातात बंदूक घेतो. लेखक त्याला टाळ्या देत नाही. बोललं न गेलेलं सत्य पुढच्या पिढीत काय होऊन बाहेर पडतं, तेवढं दाखवतो.

हे लिहिणारा माणूस कोण आहे, ते विसरू नका. बंदीहुकूम भोगलेला, मंडेलांच्या संस्थांचा प्रमुख, ज्याची बहीण पक्षात वरच्या पदावर. त्याला कुणी म्हणालं नसेल का की आत्ताच कशाला? आत्ताच तर राज्य आलंय, गोरे टपून बसलेत, आपली धुणी चव्हाट्यावर का धुतोस? खुद्द त्याच्या पक्षाने तर १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये त्या आयोगाचा अहवालच रोखण्यासाठी न्यायालयात धाव घेतली होती, कारण परदेशातल्या छावण्यांत पक्षाच्या लोकांनी केलेल्या छळाचीही नोंद त्यात होती. न्यायालयाने अर्ज फेटाळला. मंडेलांनी अहवाल स्वीकारला.

आता आपल्या गल्लीत येऊ.

‘आत्ता वेळ नाही’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. १९९२ मध्ये वेळ नव्हती, कारण बाबरी. २००२ मध्ये नव्हती, कारण गुजरात. २०१९ मध्ये नव्हती, कारण नागरिकत्वाचा कायदा. आता बुलडोझर दाराशी आहे, तर आता कशी असेल? तलाकच्या नावाखाली रस्त्यावर आलेल्या बाईने थांबायचं, वारसाहक्कात हिस्सा मागणाऱ्या बहिणीने थांबायचं, अशराफांच्या कमिटीत जागा मागणाऱ्या धोबी-कसाई-फकिराने थांबायचं. त्यांना थांबायला सांगणारा कधी थांबलेला मी पाहिलेला नाही. त्याचं सगळं वेळच्या वेळी चालू असतं.

महाराष्ट्रात हे वाक्य एका लेखकाने ऐकून घेतलं नाही. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई कथा लिहायचे. १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन त्यांनी विधान भवनावर मोर्चा नेला. सात! आज एवढ्या लोकांच्या मोर्चाचा कुणी फोटोही काढणार नाही. २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं, आणि ३ मे १९७७ ला, वयाच्या पंचेचाळिशीत, दलवाई गेले. मागे मेहरुन्निसा दलवाई राहिल्या. नवऱ्याच्या आठवणी कुरवाळत त्या बसल्या नाहीत. काम पुढे नेलं आणि स्वतःचं आत्मचरित्र लिहिलं. दलवाईंच्या प्रत्येक मताशी मी सहमत नाही, काही ठिकाणी त्यांनी समाजाचं भय पुरेसं मोजलं नाही असं मला वाटतं. पण बायकोने, कार्यकर्त्यांनी, तलाकपीडित बायांनी मिळून जो चालवला तो वारसा असतो. आडनाव चालवायला काही लागत नाही.

उलट बाजूलाही एक सांगून ठेवतो. आमच्यातला कुणी आपल्या समाजावर बोलला की एक टोळी लगेच टाळ्या वाजवत पुढे येते : ‘बघा, त्यांचाच माणूस म्हणतोय!’ आमच्या आत्मटीकेची पावती फाडून बुलडोझरमध्ये डिझेल भरणारे हे लोक. लिडियाचा राग सायलसवर होता, म्हणून तो पोलीस निर्दोष ठरला नाही. आमच्या बिरादरीत भेद आहेत, म्हणून नोटिशीशिवाय घर पाडणं कायदेशीर होत नाही. आणि आंतरधर्मीय लग्नांवर नजर ठेवायला डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने जी समिती नेमली, तिची भलामण करणाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेचा १९४९ चा कायदा एकदा जरूर वाचावा.

तरीही ‘वर्णभेद’ हा शब्द मी जपून वापरेन. तिथे भेद हाच कायदा होता. आपल्याकडे कलम १४, १५, १७ आणि २१ आहेत, त्यांच्याच जोरावर त्या दिवशी खंडपीठाने स्थगिती दिली. आपल्याकडे भेद बहुतेक वेळा कायद्याच्या मागच्या दाराने येतो. गुजरातेत १९९१ चा अशांत क्षेत्र कायदा आहे. दंगलीच्या भीतीने लोकांनी घरं मातीमोल विकू नयेत म्हणून आलेला, आणि व्यवहारात या धर्माच्या माणसाने त्या वस्तीत घर घेऊ नये म्हणून वापरला जाणारा. महाराष्ट्रात तर कायद्याचीही गरज पडत नाही. नऊ वर्षांपूर्वी मी पश्चिम नागपुरात भाड्याचं घर शोधत होतो. फोनवर सगळं ठरलं. नाव सांगितलं तेव्हा दलाल जरा थांबला आणि म्हणाला, ‘भाऊ, मालक व्हेज आहेत ना.’ मी म्हटलं, मीही घरात भाजीच शिजवीन. तो बिचारा हसला. पाच घरं पाहिली, पाचही मालक व्हेज. हे मी दहा ठिकाणी भाषणात सांगितलंय, लोक हसतात, मग गंभीर होतात, माझं काम होतं.

जे भाषणात कधी सांगितलं नाही ते आता लिहितो.

मी शेवटी आपल्याच वस्तीत फ्लॅट घेतला. २०२४ च्या पावसाळ्यात आमच्या इमारतीतला दुसऱ्या मजल्याचा फ्लॅट रिकामा झाला. मालक दुबईत. एक बौद्ध जोडपं बघायला आलं, ती इस्पितळात परिचारिका, तो शाळेत शिक्षक, एक लहान मुलगी. आगाऊ रक्कम द्यायला तयार. रविवारी सोसायटीची बैठक झाली. कुणी वाईट शब्द वापरला नाही, हे मुद्दाम सांगतो. ‘माहौल वेगळा आहे, त्यांनाच अवघड जाईल’, असं एक बुजुर्ग म्हणाले. ‘उद्या जागा विकायची झाली तर?’ दुसरे म्हणाले. तिसऱ्याने हळूच ती जात उच्चारली, जी या शहराने १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर सोडून दिली होती. दरवर्षी दीक्षाभूमीला येणाऱ्यांसाठी आमच्या भागातली पोरं पाण्याचा स्टॉल लावतात, बैठकीतले दोघे त्या स्टॉलचे वर्गणीदार. मी सचिवांच्या शेजारी बसलो होतो. माझ्याकडे पाच व्हेज मालकांचा किस्सा तयार होता. मी चहा प्यायलो.

सात-आठ महिन्यांनी मार्च आला, घर पडलं, आणि मी मंडेलांचा फोटो पाठवला.

२००१ मध्ये डर्बनला वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा जातीचा विषय तिथे नको म्हणून भारत सरकार हटून बसलं होतं. आमचा अंतर्गत प्रश्न आहे, असं म्हणणं होतं. तेच भारत, ज्याने १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत सगळ्यात आधी नेला आणि त्या देशाशी व्यापार तोडला. तेव्हा दक्षिण आफ्रिकेचं उत्तर हेच होतं : आमचा अंतर्गत प्रश्न आहे. मला सरकारच्या या दुटप्पीपणावर पानभर लिहिता येईल. पण आमच्या बैठकीत त्या बुजुर्गांनी वेगळं काय म्हटलं होतं? आणि मी?

काही मित्र म्हणतील की एका फ्लॅटची आणि सरकारी बुलडोझरची बरोबरी करू नकोस. करत नाही. सत्तेकडे यंत्र आहे, पोलीस आहे, आमच्याकडे फक्त सोसायटीचं रजिस्टर. नुकसानही सारखं नाही. ते जोडपं दुसरीकडे राहायला गेलं असेल, त्या बाईचं घर तर गेलंच. पण माझ्या दारावर जो नियम लावला गेला तो मी दुसऱ्याच्या दारावर लावताना गप्प बसलो, तर मग माझी तक्रार भेदाबद्दल उरत नाही. मला तिसरं दार मिळालं नाही, एवढीच ती उरते.

डँगोर यांच्या ‘काफ्काज कर्स’ या १९९७ च्या पुस्तकात ओमर खान नावाचा एक माणूस आहे. गोऱ्यांच्या वस्तीत राहता यावं म्हणून तो ऑस्कर कान होतो, ज्यू असल्याचं भासवतो, गोऱ्या बाईशी लग्न करतो. लैला-मजनूच्या जुन्या कहाणीचा धागा घेऊन लेखक त्याला हळूहळू झाडासारखा करत नेतो. नाव बदलून आत शिरलेला माणूस तिथेच रुजतो, थिजतो, वाळतो. हे वाचताना मला तो दलाल आठवला नाही. मला आमची बैठक आठवली. आम्ही नाव बदललं नव्हतं, वस्तीही आमचीच होती, आणि तरी आम्ही सगळे व्हेज मालक झालो होतो.

या महिन्यात आमच्या इमारतीत पुन्हा एक फ्लॅट रिकामा होतोय, या वेळी तळमजल्याचा. बैठक येत्या दुसऱ्या रविवारी, असरनंतर. मी ठराव लिहून सचिवांकडे दिलाय, दोनच ओळींचा : भाडेकरूची जात, धर्म, बिरादरी आणि खाणंपिणं सोसायटीने विचारू नये, आणि हा ठराव इतिवृत्तात मराठी व उर्दू दोन्हींत नोंदवावा. सचिवांनी कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, ‘इसकी क्या जरूरत है, भाई?’ सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदकाची जागा अजून कोरी आहे.